इंग्रजीला हुंकारा

आमचं घर पिठाच्या गिरणीला खेटून होतं. गिरणीची आणि आमची भिंत एकच. भाड्याची खोली, वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन. दुसरं कुणी ती खोली घेत नव्हतं म्हणून आम्हाला मिळाली, आणि आम्हाला दुसरं कुणी खोली देत नव्हतं म्हणून आम्ही घेतली. गिरणी चाचीची. चाचा गेल्यावर तीच पट्टा चढवायची, तीच जात्याला टाकी द्यायची, आणि दळणाच्या रांगेत कुणी घुसलं तर त्याचा डबा उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायची.

बा हिंगोलीच्या मोंढ्यात हमाली करायचा. हळदीच्या दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन घरी यायचा. माय म्हणायची, "आले बगा नवरदेव. वरात कुठं ठिवली?"

"वरात मोंढ्यातच निजली," बा म्हणायचा.

हळद संपली की पोती कमी, काम कमी. नवरदेवाचा रंग उडायचा तसं आमच्या ताटातलं कालवणही उडायचं. माय निंदायला जायची. पण निंदणी काही बारा महिने नसते. त्या दिवसांत ठेचा आणि भाकर. पीठही बरेचदा चाचीच्या जात्याभोवती सांडलेलं, झाडून, चाळून घेतलेलं. त्यात ज्वारी, गहू, हरभरा, कुणाची बाजरी, सगळं असायचं. आता शहरात असलीच भाकर चार धान्यांचं नाव लावून ताटात वाढतात आणि लोक कौतुकानं खातात. आम्ही ती दार लावून खायचो.

गिरणीमुळं आमच्या घरात एक रीत पडली होती. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची. पहिलं वाक्य गिरणीला, दुसरं माणसाला. माय "जेवाय ये" म्हणाली तर मी जागची हलायची नाही. दुसऱ्यांदा म्हणाली की उठायची. यात उर्मटपणा काही नव्हता. पहिल्या हाकेला ऐकू यायचंच नाही, म्हणून कान पहिल्या हाकेला कामालाच लागायचा नाही. बाला "भाकर वाढू का?" विचारलं की तो हमखास "आँ?" म्हणायचा. गिरणी बंद असली तरी म्हणायचा.

अशा घरातून मी शिकले. कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास केला आणि नांदेडला नर्सिंगची पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी मिरवून सांगते. ज्याला खटकतं त्यानं एक दिवस गिरणीच्या भिंतीला टेकून पुस्तक वाचून दाखवावं, मग बोलू. हॉस्टेलवर मात्र पहिले काही दिवस मला झोप लागेना, एवढी तिथं शांतता. आणि मैत्रिणी वैतागल्या. "अगं, एकदा सांगितलंस की कळतं आम्हाला!"

पदवीनंतर हिंगोलीच्या एका दवाखान्यात लागले. सकाळची ड्यूटी करून दुपारी जीपनं गावी. तिथंच असताना परदेशातल्या एका हॉस्पिटलनं मोबाईलवर मुलाखत घेऊन माझी निवड केली. अट एकच. इंग्रजीची परीक्षा द्यायची, आणि वाचणं, लिहिणं, बोलणं, ऐकणं या चारही भागांत ठरलेले गुण आणायचे. पहिल्या वेळी वाचण्यात आले, लिहिण्यात आले, बोलण्यात तर चांगलेच आले. ऐकण्यात पडले. हॉस्पिटलनं कळवलं, आणखी एका परीक्षेपर्यंत थांबतो, त्यानंतर जागा दुसरीला देऊ. म्हणजे सगळं येऊन अडलं ते माझ्या दोन कानांवर.

हिंगोलीत एक सर या परीक्षेची शिकवणी घ्यायचे. त्यांनी मला रेकॉर्डिंग लावून दिलं आणि समोर बसून माझ्याकडं बघत राहिले. संपल्यावर म्हणाले, "सिस्टर, एक विचारू का? उत्तर येऊन गेलं की तुम्ही मान वर करता. कुणाची वाट बघता?"

"कुणाची न्हाई सर."

"बघता. दारात पाव्हणा यायचा असल्यासारखं बघता."

जीपमध्ये बसून मी त्यावर विचार केला आणि मला हसूच आलं. मी दुसऱ्या वाक्याची वाट बघत होते! पहिलं गेलं ते गिरणीचं. माझं मागून येतंय. आणि परीक्षेतलं ते इंग्रजी असं होतं की जे काय सांगायचं ते एकदाच सांगणार, मागून येऊन हाक मारणार नाही. दुसऱ्यांदा म्हणून नाहीच. माझा कान लहानपणापासून गिरणीच्या शाळेत शिकला होता आणि तिथं एकदाच बोलायची पद्धत नव्हती.

रोग कळला. औषध सापडेना. सर म्हणाले, रोज सराव करा. आता गिरणीच्या भिंतीला टेकून इंग्रजी ऐकण्याचा सराव कसा करायचा ते सरांना काय माहीत! मोबाईलच्या कानात घालायच्या बोंड्या लावून बघितल्या. डोक्यात इंग्रजी आणि पाठीला गिरणीचे हादरे. मग एकच वेळ राहिली, लाइट जाण्याची. आमच्याकडं दुपारी लाइट जायची. गाव महावितरणच्या नावानं बोटं मोडायचं आणि मी मनातल्या मनात म्हणायची, जाऊ दे रे देवा, लवकर जाऊ दे. लाइट गेली की गिरणी घरघरत थांबायची, आणि मी मोबाईल घेऊन ओट्यावर.

बोंड्या एक दिवस मायनंच काढून ठेवल्या. "कानात खुपसून बसती, आमी बोललेलं कळत न्हाई. आमाला बी ऐकू दे, कोण काय म्हणून राहिलं ते." त्यामुळं मोबाईल उघडाच वाजायचा. माय समोर सुपात तूर घेऊन बसायची. गिरणी बंद म्हणून चाचीही हात झटकत यायची, पापण्यांवर पीठ तसंच. अशी आमची तिघींची इंग्रजीची बैठक.

मोबाईलमधली बाई बोलायला लागली की माय म्हणायची, "हां."

बाई पुढचं बोलायची. माय म्हणायची, "हां... मंग?"

"माय, गप ना. मला ऐकू दे."

"अगं, माणूस बोलून राहिलं आन् समोरच्यानं हुंकारा न्हाई द्यायचा? ती काय म्हणंल?"

हुंकारा हा मायच्या माहेरचा कायदा. तिचं माहेर नरसीच्या बाजूला. तिचा बाप गोष्टी सांगायचा, आणि पोरांनी प्रत्येक वाक्याला "हां" म्हणायचं. एकदा हुंकारा चुकला की म्हातारा तिथंच थांबायचा आणि बिडी पेटवायचा. राजकुमार जंगलात, वाघ समोर, आणि म्हातारा बिडी ओढतोय. पोरं हातापाया पडायची तेव्हा पुढं. त्यामुळं कुणी बोलत असताना गप्प बसणं म्हणजे एकतर झोपणं नाहीतर अपमान, असं मायचं मत. मोबाईलला तिनं त्यातून सूट दिली नव्हती.

चाची हुंकारा द्यायची नाही. तिला शेवटी काय झालं ते हवं असायचं. एका रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस बसमध्ये छत्री विसरलेला. डेपोत फोन करून तो छत्रीचा रंग सांगतो, दांडा कसला ते सांगतो, कुठल्या सीटवर होती तेही सांगतो. प्रश्न त्यावरच. मग टुण्ण वाजतं आणि संपतं.

"छत्री मिली क्या उसकू?" चाची.

"ते सांगत न्हाईत चाची."

"ऐसा कैसा? इतना पूछे, सब लिख के लिए, और छत्री नई दिए?"

"फक्त ऐकायचं असतं, चाची. छत्रीचं काई नसतं."

"तो ये कायकी परीक्षा? बिचारे की छत्री गई!" पुढं कितीतरी दिवस ती मला विचारायची, आज छत्रीवाला आया क्या?

आणि मायला राग होता आडनावांचा. त्या रेकॉर्डिंगमध्ये माणसं स्वतःचं आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगतात. माय सूप खाली ठेवून ऐकायची. "एवढा सायब माणूस, सोताचं आडनाव एका दमात सांगता येत न्हाई व्हय? आन् मला म्हणतेत अडाणी."

असं चाललं होतं आणि परीक्षा जवळ येत होती. एका दुपारी सरावात निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली. कारण उघड होतं. महत्त्वाच्या प्रत्येक शब्दावर मायचं "हां... मंग?" बरोब्बर बसत होतं. मी चिडले. "माय, माझी नोकरी जाईल तुझ्या हां-हां पायी. उद्यापासून एक शब्द बोलू नको."

दुसऱ्या दिवशी माय तोंडात पदराचं टोक धरून बसली. चाचीलाही तिनं डोळ्यांनी दटावलं. मी शांततेत अख्खं रेकॉर्डिंग ऐकलं. उत्तरं तरी चुकलीच. मी मान वर करून दारातल्या पाव्हण्याची वाट बघतच होते.

आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. मामाचा फोन. मामा वसमतला हळद घेऊन गेला होता आणि तिथून आमच्याकडं येणार होता.

"अक्काला दे," मामा म्हणाला. मायनं तोंडातला पदर काढला. "अक्का, मी हट्ट्यात हाय."

"हट्ट्यात काहून? हट्टा तं उलटीकडं!"

"पाटी न बगता एस्टीत बसलो, डोळा लागला. उतरून बगतो तं हट्टा."

मायनं फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी चूक काय केली हे न कळताच मान खाली घातली. आमच्याकडं म्हणतात, दिवसा गोष्ट ऐकली तर मामा वाट चुकतो. सगळ्या लेकरांना सांगतात, दिवसा त्यांनी कामं सोडून गोष्टी ऐकत बसू नये म्हणून. पण मायच्या लेखी हा कायदा होता आणि आता पुरावाही सापडला होता.

"एवढे दिस तू दिवसाढवळ्या ऐकून राहिलीस, चुकला का तो? न्हाई चुकला. काहून? मी हुंकारा देत व्हते. आज हुंकारा बंद केलास, आन् आजच गेला हट्ट्याला."

"माय, तो झोपला एस्टीत!"

"झोपला काहून? आजच काहून झोपला?"

चाचीनं वकिली केली. "सच बात है. बेचारा भाई." बा मोंढ्यातून आला, त्याला मी सगळं सांगितलं. तो "आँ?" म्हणाला. परत सांगितलं. तो हात धुता धुता म्हणाला, "मेव्हणा पैल्यापास्नंच झोपाळू हाय." मग मायकडं बघून म्हणाला, "पन हुंकाऱ्याचं बी खरं असंल." बाला जेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा आला. घाबरलेला वगैरे काही नव्हता; हट्ट्यात ओळखीच्या घरी मटण खाऊन आला होता. ओट्यावर मांडी घालून म्हणाला, "ज्या गोष्टीपायी मी हट्ट्याला गेलो ती तरी ऐकू दे."

मायनं निवाडा दिला. मोबाईल चालू राहील. पण हुंकारा द्यायचा, आणि आता तो माझा मीच द्यायचा. तिनं दिला तर मला ऐकू येत नाही ना? मग मीच द्यावा. प्रत्येक वाक्याला. एक चुकला की ती सुपातला तुरीचा दाणा मारणार.

मी म्हटलं, बरं. भांडण मिटावं एवढ्यासाठी म्हटलं.

लाइट गेली. मी रेकॉर्डिंग लावलं. एक बाई मातीची भांडी करायच्या वर्गाला नाव घालत होती. ती बोलली, मी म्हटलं, "हां." वर्ग कुठल्या वारी ते सांगितलं, "हां." सोबत काय आणायचं ते सांगितलं. मी जरा लिहीत राहिले, तोच कपाळावर दाणा.

"झोपली का?"

"लिहून राहिले माय!"

"लिही ना. हाताला कोण म्हणून राहिलं? तोंड मोकळं हाय."

मामा हसून हसून भिंतीला टेकला. दाणे बसत राहिले. चाचीनं मूठभर तूर स्वतःकडंही ओढून घेतली. तिचा नेम मायपेक्षा चांगला होता. पोरीला इंग्रजी शिकवायची असली पद्धत कुठल्या देशात असेल असं वाटत नाही. पण रेकॉर्डिंग संपलं, मी उत्तरं ताडून बघितली, आणि परत ताडून बघितली. बहुतेक सगळी बरोबर होती.

त्यात जादू काही नव्हती, हे मी विचार करून सांगते. "हां" म्हणायचं तर ते वाक्य तिथल्या तिथं पकडावं लागतं. "हां" म्हटलं की ते संपलं, त्याची पावती फाडली, आता पुढचं. दुसऱ्या हाकेची वाट बघायला सवडच राहत नाही, आणि वाट बघितली की कपाळावर दाणा. सर जे महिनाभर समजावत होते ते तुरीनं चार-दोन दुपारींत करून दाखवलं. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, वर्गात दाणे मारता येत नाहीत."

परीक्षेला मी पुण्याला गेले. निघताना मायनं सांगितलं, "परीक्षा दिवसाच हाय. हुंकारा इसरू नको. तुज्या मामाला मी घराबाहेर पडू देनार न्हाई त्या दिशी." आणि खरंच, मामाला आदल्या दिवशीच आमच्याकडं बोलावून घेतलं. दाराबाहेर जाऊ देईना. बा सांगतो, परसाकडं निघाला तरी माय "कुठं?" विचारायची.

हॉल थंडगार. प्रत्येकापुढं संगणक, प्रत्येकाच्या कानावर मोठाले हेडफोन. कान पूर्ण झाकले जातात. रेकॉर्डिंग सुरू झालं. एक माणूस सायकल भाड्यानं मागत होता. मी ऐकत गेले, टाइप करत गेले, सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात खांद्यावर कुणीतरी टकटक केली.

वर बघते तर देखरेखीच्या बाई. ओठांवर बोट. आजूबाजूची पोरं-पोरी माझ्याकडं वळून बघतायत. तेव्हा कळलं. मी "हां" म्हणत होते! आणि साधं नाही, गिरणीच्या घरातलं, गिरणीला पुरून उरणारं "हां." कान झाकलेले, त्यामुळं माझं मला ऐकूच येत नव्हतं. बाईंनी माझ्यासमोर कागद धरला. त्यावर लिहिलं होतं, पुन्हा आवाज केलात तर बाहेर काढावं लागेल.

सायकलवाला माणूस थांबला नव्हता. तो कुलूप, हेल्मेट, परत करायची वेळ असं काय काय बोलत पुढं चालला होता. माझी दोन उत्तरं गेली. हुंकारा दिला तर हॉलच्या बाहेर, नाही दिला तर दुसऱ्या हाकेची वाट बघत बसणार आणि नोकरी जाणार. आणि खरं सांगते, या सगळ्यात एक विचार मामाचाही आला. आता हा माणूस आमच्या ओट्यावरून उठून कुठं जातोय कुणास ठाऊक.

मग मी टेबलाखाली चपलेतून उजवा पाय काढला. ओठ दातांखाली धरले. आणि अंगठ्यानं हुंकारा द्यायला लागले. वाक्य संपलं, अंगठा फरशीवर. वाक्य संपलं, अंगठा. सायकलवाला गेला. पुढं एका बाईनं वस्तुसंग्रहालयाचा रस्ता सांगितला, अंगठा. शेवटी एक प्राध्यापक मधमाश्यांवर बोलले, लांबलचक, कुठं श्वास घेईनात. मी त्यांना श्वास घ्यायच्या जागी अंगठा दिला. देखरेखीच्या बाई दोनदा माझ्या मागून गेल्या. त्यांनी खाली बघितलंही. अंगठ्याविरुद्ध त्यांच्याकडं नियम नव्हता.

बाहेर येऊन घरी फोन लावला. मायनं पहिलं विचारलं, "हुंकारा दिला का?"

"दिला. पायाच्या अंगठ्यानं."

अंगठा चालतो की नाही याचा तिनं हिशेब केला. मग म्हणाली, "चालतंय. मामा हितंच हाय. सकाळपास्नं झोपलाय."

निकाल आला तेव्हा मी घरी होते आणि गिरणी चालू होती. चाचीकडं गव्हाच्या डब्यांची रांग लागलेली. मोबाईलवर आकडे बघितले, डोळे पुसून परत बघितले. बा नुकताच मोंढ्यातून आला होता, पिवळाधमक, दारात पाय धूत होता. मी म्हटलं, "बा, झालं. जायचंय आता मला."

बा "आँ?" म्हणाला नाही. तांब्या तसाच हातात धरून म्हणाला, "हां." मग जरा वेळानं, "मंग?"

माय आतून ओरडली, "काय झालं? काय झालं?" तिला मात्र दोनदा सांगावं लागलं. चाचीनं पट्टा उतरवून गिरणी बंद केली आणि रांगेतल्या बायकांना सांगितलं, "आज दळण बंद. हमारी छोकरी पास हुई." एकीनं कुरकुर केली तर तिचा डबा उचलून रांगेच्या शेवटी.

ऐकण्यात मला हवे होते तेवढे गुण मिळाले. दोन उत्तरं सायकलवाल्याकडं गेली नसती तर आणखी आले असते. आज मी परदेशातल्या त्या हॉस्पिटलात नर्स आहे. आणि गिरणीच्या भिंतीची ती खोली आम्ही सोडली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथून गिरणी ऐकू येत नाही, तिथं मायच्या नावावर पक्कं घर आहे.